आण्णांचा जुना ट्रॅक्टर आणि इंजिन ऑइल: वीस-चाळीस, पंधरा-चाळीस की वीस-पन्नास?

मुलुंड_चेकनाका | शनिवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. विषय शेतीचा आहे, पण प्रश्न मुंबईत पडलाय म्हणून इथेच विचारतो.

गावाकडे, दहिवडीच्या पुढे, आमचा १९८६ चा ट्रॅक्टर आहे. पस्तीस एचपीच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्या प्रतिसादातच धागा लाल ट्रॅक्टर चांगला की निळा या भांडणात जाईल. आण्णांनी तो सेकंडहँड घेतला तेव्हा मी चौथीत होतो. आज आण्णा त्र्याहत्तरचे आहेत आणि दोघेही कुरकुरत का होईना, चालतायत.

तक्रार अशी. सकाळी चालू केला की ऑइल प्रेशरचा काटा झकास. नांगरट सुरू होऊन तासभर झाला की काटा उतरतो, आणि रेस सोडली की जवळजवळ तळाला टेकतो. आण्णा गेली तीस वर्षं तालुक्याच्या दुकानातलं वीस-चाळीस टाकतात. तो दुकानदार आता म्हणतो वीस-पन्नास टाका, काटा वर येईल. ठाण्याचा माझा मेहुणा म्हणतो, फुल सिंथेटिक पाच-तीस टाक, माझ्या गाडीला तेच आहे, मख्खन चालते. मी त्याचं ऐकून ऑनलाइन कॅन निवडूनही ठेवलाय, पैसे भरायचे बाकी आहेत.

आण्णांचं म्हणणं, "आरं, इंजिन काय डब्यावरचं वाचतंय व्हय?"

एक मात्र आहे, हे इंजिन ऑइल अजिबात खात नाही. त्याचा आण्णांना फार अभिमान.

काय टाकू?

लोकलप्रेमी | शनिवार, रात्री ११:०५

नाव लिहिलं नाहीत तरी आम्हाला कळलं. लालच असणार.

घाटावरचा | शनिवार, रात्री ११:२०

वीस-पन्नास डोळे झाकून टाका. आमच्याकडे सगळे जुने ट्रॅक्टर त्याच्यावरच चालतात. इंजिन ढिलं झालं की ऑइल जाड करायचं, साधा हिशेब आहे.

आकुर्लीकर | रविवार, सकाळी ७:१५

आधी पैसे भरू नका, राव. कॅन असू दे तिथेच.

मी आकुर्ली रोडच्या कारखान्यात इंजिन असेंब्लीला होतो, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. कांदिवलीत ट्रॅक्टर बनतो हे आज कांदिवलीच्याच निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर, व्होल्टास आणि महिंद्रा मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली, ती पुढे महिंद्रात विलीन झाली. असो, म्हाताऱ्याला संधी दिली की तो इतिहासात शिरतो.

ऑइलचा नंबर विचारणारे फार भेटतात. इंजिनाची हकिगत कुणी सांगत नाही. तेव्हा मला एवढं सांगा:

धूर कुठल्या रंगाचा? ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) फसफस धूर येतो का? शेवटचं ऑइल कधी बदललं, आणि त्यानंतर वरून किती टाकलं? प्रेशरचा गेज मूळचा आहे की नंतर बसवलेला? एअर क्लीनर ऑइलचा आहे की कागदाचा? डिझेल पंप इनलाइन आहे की रोटरी?

आणि मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा, पण पाच-तीस नको. त्यांच्या गाडीचं पेट्रोल इंजिन, त्यातल्या फटी केसाएवढ्या. तुमच्या इंजिनाला गरम झाल्यावर चाळीसचं अंग लागतं. तीस नंबर टाकलात तर काटा आहे त्याहून खाली जाईल, आणि पैसे तिप्पट जातील ते वेगळेच.

चेंबूरचा_रसायनी | रविवार, सकाळी ९:४०

आकुर्लीकरकाकांशी सहमत. आकड्यांबद्दल थोडं सांगतो, कारण तिथेच सगळ्यांचा घोळ होतो. (माझी नोकरी वंगणतेलाच्या प्रयोगशाळेतली. घराच्या खिडकीतून माहुलची धुराडी दिसतात. एचपीसीएलची तिथली ल्यूब रिफायनरी वंगणाचं मूळ तेल बनवते, त्यामुळे आण्णांच्या डब्यातलं तेल माझ्या शेजारून गेलेलं असायची बरीच शक्यता आहे.)

१५डब्ल्यू-४० (म्हणजेच पंधरा-चाळीस) मध्ये डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत इंजिन फिरवताना तेल किती पातळ राहतं ते सांगतो. पंधरावाल्याची ही चाचणी उणे २० अंशांना होते, वीसवाल्याची उणे १५ ला. तुमच्या माण तालुक्यात डिसेंबरच्या पहाटे आठ-दहा अंश असेल तर या फरकाचं फार कौतुक नको. पंधरावालं सकाळी जरा लवकर वरपर्यंत पोचतं, इतकंच.

मागचा आकडा महत्त्वाचा. तो १०० अंशांवरचा दाटपणा. तीस म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, चाळीस म्हणजे १२.५ ते १६.३, पन्नास म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे पंधरा-चाळीस आणि वीस-चाळीस गरम झाल्यावर एकाच घरात राहतात. "पंधरा-चाळीस पातळ असतं" असं गावोगावी म्हणतात, ते फक्त ओतताना दिसतं तेवढंच खरं.

आता डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या नावापुढची अक्षरं पाहा. सी ने सुरू होणारी डिझेलची, एस ने सुरू होणारी पेट्रोलची. आण्णांच्या ट्रॅक्टरची पुस्तिका छापली तेव्हा सीडी चालायचं, ते १९५५ पासूनचं. मग १९९० ला सीएफ-४, १९९८ ला सीएच-४, २००२ ला सीआय-४, आणि २०१६ च्या अखेरीस सीके-४. वरची पायरी जुन्या इंजिनाला चालते, उलटं चालत नाही. अपवाद एफए-४ चा. ते मुद्दाम पातळ बनवलेलं आहे, नव्या इंजिनांसाठी. जुन्यात नको.

माझं मत: १५डब्ल्यू-४०, सीआय-४. नाही मिळालं तर चांगल्या कंपनीचं २०डब्ल्यू-४०, सीएफ-४ किंवा वरचं. सर्वो, एचपी, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ, कुणाचंही घ्या. आण्णा तीस वर्षं फार चुकत नव्हते.

घाटावरचा | रविवार, सकाळी १०:३०

आकडे कागदावर ठीक. पण वीस-पन्नास टाकल्यावर काटा वर येतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचं काय?

डेपोमास्तर | रविवार, दुपारी १२:१०

काटा येणारच वर. पण काटा कशाचा आहे ते बघा ना. तो बेअरिंगला किती ऑइल पोचलं ते सांगत नाही, ऑइल किती अडतंय ते सांगतो. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते. म्हणून नळाला पाणी वाढलं का?

एकतीस वर्षं बसच्या इंजिनांत हात काळे केलेत. वीस-पन्नास म्हणजे पाप नव्हे. इंजिन खरंच घासलंय, सुगी तोंडावर आहे, काम काढायला पैसे नाहीत, अशा वेळी एक हंगाम ढकलायला मीही टाकायला सांगितलंय. पण बेअरिंग गेलंय की ऑइल पातळ झालंय की गेजच खोटा आहे हे न बघता जाड ऑइल टाकणं म्हणजे ताप मोजायचं सोडून थर्मामीटर पंख्याखाली धरणं.

पहिली गोष्ट, दुसरा चांगला गेज लावून बघा. जवळपास चाळीस वर्षांच्या काट्यावर विश्वास ठेवू नका.

नवशिक्या_शेतकरी | रविवार, दुपारी १:०२

बाळबोध शंका. आमचं ऑइल नवीन टाकल्यावर दहा-बारा तासांतच काळं होतं. म्हणजे ऑइल भेसळीचं का?

लोकलप्रेमी | रविवार, दुपारी १:१५

दादर स्टेशनबाहेरच्या वड्याच्या कढईत बघा, तिथलंही काळंच असतं. कुणी बदलत नाही, चव मात्र वाढते.

चेंबूरचा_रसायनी | रविवार, दुपारी १:४८

कढईतलं काळं आणि इंजिनातलं काळं यात फरक आहे, देवाशप्पथ.

डिझेल जळताना काजळी होते. ऑइलमधली डिटर्जंट आणि डिस्पर्संट द्रव्यं ती काजळी पकडून तरंगत ठेवतात, म्हणजे ती पिस्टनच्या रिंगच्या खाचेत बसत नाही. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळं होणं म्हणजे ते काम करतंय. उलट शंभर तासांनीही सोनेरी दिसलं तर मी घाबरेन, सगळी घाण आतच चिकटून बसली असेल म्हणून.

रंगावरून ऑइल ओळखायचंच असेल तर दुधाळ बघा. कोऱ्या चहात दूध पडल्यासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. हेड गॅस्केट किंवा लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याची) रबरं गेली असतील. तिथे कुठल्याच डब्याचा उपयोग नाही.

वाडाकोलम | रविवार, संध्याकाळी ६:३५

बोरिवलीला राहते, शनिवार-रविवार वाड्याला भातशेती. ट्रॅक्टर वीस वर्षांचा, ऑइलबाथ एअर क्लीनरचा, म्हणजे हवेतली धूळ ऑइलमध्ये पकडणारा.

ऑइलवर इतकी चर्चा चाललीय म्हणून माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी मी भारीतलं सीआय-४ ऑइल वेळच्या वेळी बदलत होते, फिल्टर नवीन, सगळं वहीत लिहिलेलं. तरी इंजिन धूर टाकायला लागलं, निळा. मिस्त्रीने काम काढलं तर लायनर आणि रिंगा घासून गेलेल्या. मी म्हटलं, एवढं चांगलं ऑइल टाकून? त्याने काही न बोलता एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी हातात दिली. क्लिपखाली बोटभर चीर. भात झोडणीची सगळी धूळ गाळल्याशिवाय आत जात होती.

आणि एअर क्लीनरचं खालचं भांडं! त्यात ऑइल खुणेपर्यंत लागतं. कमी असलं की धूळ पकडत नाही, जास्त भरलं की इंजिन ते ओढून घेतं. माझ्या गड्याने बदलायचा कंटाळा करून वरून वरून भरलं होतं, खाली गाळ दगडासारखा. मळणीच्या दिवसांत ते रोज उघडून बघायचं असतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आकुर्लीकर | रविवार, संध्याकाळी ७:२०

ताई, लाखातलं बोललात. मी इंजिनं बांधली तेवढी बिघडवली कुणी असतील तर धुळीने.

धागा काढणारे मुलुंडकर कुठे गेले? माझे प्रश्न पडून आहेत.

मुलुंड_चेकनाका | सोमवार, रात्री ९:३०

माफ करा काका, आण्णांना फोन लावून एकेक विचारत होतो. ते वैतागले. "तू ट्रॅक्टर विकत घ्यायला निघालायंस का काय?"

धूर: चालू करताना थोडा पांढरा, मग ओझं आलं की काळा. निळा नाही म्हणतात.
ब्रीदर: "थोडा हाय. म्हातारं झालं की समद्यांचंच हुतंय."
शेवटचं ऑइल: गेल्या दिवाळीआधी. मीटर बंद पडून वीस वर्षं झाली, पण त्यांच्या अंदाजाने शंभर-सव्वाशे तास.
वरून किती टाकलं: थेंबही नाही. "ऑइल मोजायची पट्टी बघ की, खुणंच्या वरच हाय. उलट चार बोटं जादाच."
गेज: नंतरचा.
एअर क्लीनर: ऑइलचा.
पंप: इनलाइन.

डेपोमास्तर | सोमवार, रात्री ९:४४

थांबा थांबा. चार बोटं *जादा*?

आकुर्लीकर | सोमवार, रात्री ९:५८

मास्तर, तुमच्या-माझ्या डोक्यात एकच आलंय.

मुलुंडकर, जवळपास चाळीस वर्षांचं इंजिन सव्वाशे तासांत थेंबभरही ऑइल खात नाही, हे होत नाही. नवं इंजिनही थोडं खातं. पट्टीवर ऑइल वाढतंय याचा अर्थ खाल्लेल्या ऑइलच्या जागी दुसरं काहीतरी येतंय. पाणी असतं तर दुधाळ दिसलं असतं आणि रेडिएटर उतरला असता. राहिलं काय? डिझेल.

इनलाइन पंपाच्या खालच्या खोलीत कॅम फिरतो, तिथे वंगण असतं. पंपाचे एलिमेंट (आतले दट्टे) जुने झाले की त्यांच्या कडेने डिझेल झिरपून त्या खोलीत उतरतं. फीड पंप झिजला की त्याच्या दांड्याकडूनही येतं. पंपाच्या पुढच्या तोंडाला सील असतो, तो शाबूत असेल तोवर हे डिझेल पंपातच साठतं किंवा बाहेर टपकतं. सील गेला की टायमिंगच्या खोलीत आणि तिथून थेट चेंबरात, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात. नोझल टपकत असेल तर तेही भर घालतं, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली येतं. तुमचा सकाळचा पांढरा धूर मला त्यासाठीच खटकला.

आता काट्याची गोष्ट जुळते का बघा. थंडीत बरा, गरम झाला की तळाला.

चेंबूरचा_रसायनी | सोमवार, रात्री १०:२०

जुळते. पाच टक्के डिझेल मिसळलं तरी चाळीसचं ऑइल जवळपास तीसच्या घरात येतं. दहा टक्के झालं तर बोलायलाच नको. आण्णा चाळीस नंबर टाकत होते आणि इंजिन भलत्याच नंबरावर चालत होतं. वीस-पन्नास टाकलं असतं तर डिझेलने तेही पातळ केलं असतं, फक्त दोन महिने उशिरा.

घरच्या घरी तपासायचं असेल तर: इंजिन गरम करून बंद करा, पट्टी काढा, आधी नुसता वास घ्या. मग टिपकागदावर एक थेंब सोडा. टिपकागद नसेल तर कॉफी गाळायचा कागदही चालतो. चार-पाच तास आडवा ठेवा. मधे काळं, भोवती तपकिरी पसरलेलं, हे ठीक. सगळ्यात बाहेर तेलकट, आरपार दिसणारं रुंद कडं आलं तर ते डिझेल. आणि मधला डाग कोळशासारखा घट्ट, कडा कापल्यासारखी, आजूबाजूला काहीच पसरलं नाही, तर ऑइलमधली साफसफाईची ताकद संपली.

डेपोमास्तर | सोमवार, रात्री १०:३१

तोवर ट्रॅक्टर चालवू नका. हे घाबरवायला नाही सांगत. चेंबरात लेव्हल फार चढली की इंजिन ब्रीदरमधून तेच मिश्रण ओढायला लागतं आणि आपोआप रेस घेतं. डिझेल बंद केलं तरी बंद होत नाही, कारण त्याचं डिझेल आता खालून येतंय. एकदा पाहिलंय. हवा कोंडल्याशिवाय थांबत नाही, आणि त्या क्षणी जवळ जायची हिंमत होत नाही.

घाटावरचा | सोमवार, रात्री १०:४०

मान्य. माझ्याही पट्टीवर उद्या नाक ठेवून बघतो.

मुलुंड_चेकनाका | सोमवार, रात्री ११:०२

शुक्रवारी रातराणीने निघतोय. आण्णांना ट्रॅक्टर उभा करायला सांगितलं, ते बोलत नाहीत माझ्याशी.

ऑइल इथून नेऊ की तिथे घेऊ? मुंबईत कुठे खात्रीचं मिळेल?

लोकलप्रेमी | सोमवार, रात्री ११:१०

साडेसात लिटरचा कॅन घेऊन सहाच्या ठाणे फास्टमध्ये चढून दाखवा, इंजिन ऑइल मी देतो.

वाडाकोलम | मंगळवार, सकाळी ८:१५

मी फिल्टर, क्लिपा, रबरी नळ्या असलं सामान कुर्ला-कालिनाच्या सीएसटी रोडवरून आणते. बेअरिंग, सील असलं काही लागलं तर मशीद बंदरजवळ नागदेवीला. पण ऑइल कधीच सुटं किंवा "आतून देतो" वालं घेत नाही. पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या वितरकाकडून, बिलासकट. सील, बॅच नंबर, भरल्याची तारीख दुकानातच बघते.

आणि रिकामा कॅन भंगारात देण्याआधी कोयत्याने चिरते. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या कॅनला दाम चांगला येतो. का येतो, याचा विचार करा.

आकुर्लीकर | मंगळवार, सकाळी ९:००

ताईंचा कोयता आवडला.

मुलुंडकर, ऑइल नेलंत तरी आधी ओतू नका. आधी गळती शोधा, पंप काढून पंपवाल्याकडे पाठवा, सील आणि एलिमेंट बघायला सांगा, नोझलही तपासून घ्या. नाहीतर नव्या ऑइलमध्येही डिझेलच भराल. जुनं काढताना मोजून काढा. पुस्तिकेत किती लिटर लिहिलंय?

मुलुंड_चेकनाका | मंगळवार, सकाळी ९:२५

फिल्टर धरून सात.

नवशिक्या_शेतकरी | मंगळवार, सकाळी १०:४०

हेच इंजिन ऑइल गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकला चालतं का? आमच्याकडे उरलेलं तिकडेच ओततात.

डेपोमास्तर | मंगळवार, दुपारी १:३०

नाही हो. जुन्या कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरला गिअरमध्ये बहुतेक नव्वद नंबर असतं, ज्याच्या त्याच्या पुस्तिकेप्रमाणे. ऑइलमधले ब्रेक असतील तर त्यांना ट्रॅक्टरचं खास ट्रान्समिशन ऑइल लागतं. त्यात इंजिन ऑइल गेलं की ब्रेक ओरडतात किंवा धरत नाहीत, आणि उसाची ट्रॉली मागे असताना ते कळून उपयोग नाही. उरलेलं इंजिन ऑइल झाकण लावून ठेवा, पुढच्या वेळी येतं कामाला.

मुलुंड_चेकनाका | रविवार, रात्री ९:५०

गावाहून लिहितोय, रेंज येते-जाते.

पट्टी काढली. नाकाशी न्यायची गरजच पडली नाही, हातभरावरून डिझेलचा वास. कॉफीचा कागद मुलुंडहून नेला होता, आण्णा म्हणाले आता ट्रॅक्टरला कॉफी पाजतंय पोरगं. सकाळी बघितलं तर बाहेर दीड बोटाचं आरपार कडं.

मग चेंबरचा बोल्ट सोडला. ऑइल पडत नव्हतं, धावत होतं. मापाच्या कॅनमध्ये धरलं. सात लिटर भरलेलं इंजिन, बाहेर आलं पावणेनऊ. आण्णा कॅनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी दोन लिटर डिझेल मी फुकटात पाजत हुतो व्हय ह्याला?" त्यांना बेअरिंगपेक्षा डिझेलचं जास्त लागलं.

पंपवाला फलटणचा. पुढचा सील कडक होऊन चिरलेला, फीड पंपाचा दांडा ढिला, एक नोझल टपकणारं. तिन्ही कामं सांगितली. एअर क्लीनरचं भांडं उघडलं तर ताईंनी वर्णन केलं तसंच, खाली पाटवड्या पडतील इतका घट्ट गाळ. नळीला चीर नव्हती, पण क्लिप हाताने फिरत होती. दोन्ही नव्या टाकल्या.

मिस्त्रीने चेंबर खाली घेतलंच होतं म्हणून बिग एन्डचं (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) एक बेअरिंग उघडून दाखवलं. थोडं घासलंय, तांबूस दिसायला लागलंय एका कडेला. "अजून दोन सुग्या चालंल," म्हणाला.

आता पंप परत आला की काय ओतू? पंधरा-चाळीस सीआय-४ घेतलंय. काही जण म्हणतात इतक्या वर्षांच्या साध्या ऑइलनंतर एकदम वरचं टाकलं की आतली काजळी सुटून फिल्टर तुंबतो.

चेंबूरचा_रसायनी | रविवार, रात्री १०:२५

त्या भीतीत थोडं तथ्य आहे, पण फार नाही. आण्णा टाकत होते त्या वीस-चाळीसमध्येही डिटर्जंट होतंच. शिवाय तुमचं चेंबर खाली आलंय, तेव्हा आतून पुसूनच घ्या.

जुन्या ऑइलची बाजू मांडणारे गंधकाचा मुद्दा काढतात, तोही सांगून टाकतो. तुमचा ट्रॅक्टर बनला त्या काळात आपल्या डिझेलमध्ये गंधक टक्क्याच्या आसपास असायचं. एप्रिल २०२० पासून देशभर दहा पीपीएमचं (दहा लाखांत दहा भाग गंधकाचं) डिझेल आहे. गंधकाचं आम्ल मारायला ऑइलमध्ये जो क्षार लागतो त्याची गरज त्यामुळे खूप कमी झाली. म्हणजे आजचं सीआय-४ तुमच्या इंजिनाला पुरून उरेल. सीके-४ ही चालेल, पण ते नव्या इंजिनांच्या धूर-फिल्टरचा विचार करून केलंय. जो फिल्टर तुमच्याकडे नाही त्याचे पैसे कशाला भरा?

डेपोमास्तर | रविवार, रात्री १०:४०

फ्लशिंगच्या बाटल्या घेऊ नका. पहिलं ऑइल पंचवीस तासांत फिल्टरसकट बदला, कारण आत डिझेलाचे अवशेष आणि सुटलेली घाण राहणारच. बदललेला फिल्टर कापून बघा, चमकणारे कण दिसले तर इथे फोटो टाका. त्यानंतर पुस्तिकेप्रमाणे.

मीटर बंद आहे तर डिझेलवर हिशेब ठेवा. नांगरटीला तासाला साधारण चार लिटर धरलं तर हजार लिटर डिझेल म्हणजे अडीचशे तास. मीटर चालू असता तरी तो इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, घड्याळावर नाही, हे लोक विसरतात. आणि तेवढं काम झालं नाही तरी वर्षातून एकदा बदलाच.

आकुर्लीकर | रविवार, रात्री १०:५५

पंप बसवताना त्याच्या स्वतःच्या खोलीत ऑइल भरलं का ते मिस्त्रीला विचारा, काही पंपांना ते वेगळं भरावं लागतं आणि सगळे विसरतात. आणि ते पावणेनऊ लिटर विहिरीच्या कडेला ओतू देऊ नका. जळकं ऑइल घेणारे परवानाधारक असतात, त्यांना द्या. कुंपणाच्या खांबांना फासायचं म्हणतील, पण हातालाही लावू नये असली चीज आहे ती.

मुलुंड_चेकनाका | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:१०

उशीर झाला, पण सांगायला आलो.

पंप बसला, पंधरा-चाळीस भरलं, गेजही नवा लावला. जुना गेजही खोटाच निघाला, पण थोडासाच. नांगरटीला दोन तास चालवलं. काटा हिरव्याच्या खालच्या टोकाला थांबतो, रेस सोडली की थोडा उतरतो, पण तळाला जात नाही. सकाळचा पांढरा धूर जवळपास गेला. पंचवीस तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलला, फिल्टर कापला, कण दिसले नाहीत.

आज सकाळी आण्णांचा फोन. नव्या ऑइलवर वीस तास झाल्यावर पट्टी बघितली, खुणेपासून अर्धं बोट खाली. पाव लिटर टाकावं लागलं.

डेपोमास्तर | शनिवार, रात्री १०:१८

अभिनंदन! पट्टी खाली जातेय म्हणजे डिझेल थांबलं. या वयाच्या इंजिनाला एवढं खाणं शोभतं.

मुलुंड_चेकनाका | शनिवार, रात्री १०:२६

तेच मी आण्णांना समजावतोय अर्धा तास. ते गावभर सांगत फिरतायत, "तीस वरसं थेंब खाल्ला नव्हता गड्यानं. मुंबैचं ऑइल घातलं आन् खायाला लागला."